चिंचेनं घासलेले सूर

हेमचंद्र खांबेट्यांच्या हातात वस्तू देऊन "नुसतं बघा" असं कधी म्हणू नये, हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी मंडळींना अनुभवानं पाठ झालं होतं. वीणानं आवाज करणारा मिक्सर नुसता बघायला दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले तिला दिसले. शैलेंद्रनं गॅरेजचं दार कुरकुरतं एवढंच बोलता बोलता सांगितलं होतं. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा दार ड्राइव्हवेवर आडवं होतं आणि हेमकाका त्याची स्प्रिंग मोजत होते. दोन्ही वस्तू पुढे उत्तम चालल्या, हेही सांगायला हवं. पण मधल्या काळात ज्याची वस्तू त्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि हेमकाकांना त्याचा पत्ताही नसायचा.

हा माणूस एकाहत्तर साली शिकागोला आला. एका टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्यानं जवळजवळ तीस वर्षं काढली. २००१ च्या ऑक्टोबरात कंपनीनं एका सकाळी चारशे माणसांना घरी पाठवलं, त्यात खांबेटेही होते. वय अठ्ठावन्न. टेबल आवरून खोक्यात जे आणलं त्यात लाकडी मुठीचं एक सोल्डरिंग आयर्न होतं, इतकं जुनं की ते परत मागायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी ते बेसमेंटमध्ये खिळ्याला टांगलं. लोक विचारत तेव्हा ते हसून म्हणत, "अर्ली रिटायरमेंट घेतली." घेतली नव्हती, दिली होती. ते त्यांना फार लागलं होतं, आणि ते फक्त त्यांच्या बायकोला, उत्तराकाकूंना, माहीत होतं.

उरली ती पेटी. मिरजेला शाळेत असताना शेजारच्या पेटीवाल्याच्या दुकानात बसून बसून ते पेटी सुरात लावायला शिकले होते. रीड म्हणजे पितळेची पट्टी. टोकाशी कानशीनं हलकेच घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. नोकरी गेल्यावर त्यांनी हे काम धरलं. मिलवॉकीपासून इंडियानापर्यंत जिथे जिथे महाराष्ट्र मंडळ होतं तिथली पेटी त्यांच्या बेसमेंटमध्ये येऊन गेली. त्यांचे त्यातले नियम दोन. पितळ आरशासारखं लख्ख हवं. आणि जी रीड सुरात आहे तिला हात लावायचा नाही.

२००४ च्या सप्टेंबरात मंडळाची मराठी शाळा एका ज्युनियर हायस्कूलच्या इमारतीत भरू लागली. दर रविवारी दुपारी दोन ते चार, वर्ग भाड्याचे. खांबेटे तिथे खडू, हजेरी आणि रडणारी मुलं सांभाळायचे. मुलांना विचारावं, "आज काय शिकलास रे?" तर ती म्हणायची, "Nothing much, काका." तिसऱ्या रविवारी भिंतीपलीकडून सूर आला. एकच सूर, लांब, भरलेला, श्वास घेतल्यासारखा किंचित फुगणारा. खांबेटे हजेरीचा कागद हातात घेऊन तसेच उभे राहिले. पलीकडे कुणीतरी पेटी वाजवतंय आणि ती आपण लावलेली नाही, म्हणजे हा आहे तरी कोण, असं त्यांना वाटलं. ते तडक निघाले.

पलीकडे चिनी शाळा होती. तीही रविवारची, तीही भाड्याची. पंचवीसेक मुलं गोल बसली होती. कुणाच्या मांडीवर अरहू, म्हणजे त्यांची दोन तारांची सारंगी, कुणाकडे बांबूची बासरी, कुणाकडे नुसत्या लाकडी चिपळ्या, एका लठ्ठ मुलाकडे पितळी थाळा. मध्ये पन्नाशीच्या एक बाई. त्यांच्या ओंजळीत पितळी वाटी होती आणि वाटीत उभ्या बांबूच्या नळ्यांचा जुडगा. वाटीच्या चोचीला ओठ लावून त्या फुंकत होत्या, आणि पेटीचा सूर येत होता तो त्या नळ्यांतून. सारी मुलं त्या सुराला आपापलं वाद्य लावत होती. फळ्यावर आकडे लिहिले होते: १ २ ३ ५ ६. चार आणि सात नव्हतेच. खांबेट्यांनी मनातल्या मनात सा रे ग म्हणून पाहिलं. मध्यम नाही, निषाद नाही. हा तर भूप. आपल्याकडे मुलं पहिल्यांदा शिकतात तोच.

बाईंचं नाव लिऊ पेझेन. खांबेट्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी त्यांचं लिऊबाई करून टाकलं, शाळेत शिकवतात त्या बाईच. लिऊबाईंना खांबेटे हा उच्चार काही झेपेना, म्हणून त्या मिस्टर हेम म्हणू लागल्या. दोघांचं इंग्रजी दोन टोकांच्या देशांतून आलेलं होतं, पण सुरांच्या गप्पांना फार इंग्रजी लागत नाही. त्या वाद्याचं नाव शंग. नळ्या सतरा, त्यातल्या तीन मुक्या, जुडगा गोल दिसावा म्हणून लावलेल्या. उरलेल्या चौदांच्या बुडाशी एकेक पातळ पितळी रीड.

"म्हणजे आमची पेटी," खांबेटे म्हणाले.

"म्हणजे तुमची पेटी आमच्या शंगची नात," लिऊबाई म्हणाल्या. त्यांनी ते हसत सांगितलं, पण सांगितलं.

त्यांची शिकवायची रीत खांबेट्यांना फार आवडली. पहिले चार महिने कुणाला वाद्य नाही. आधी चिपळ्या आणि थाळा, म्हणजे ताल अंगात येतो. मग आकडे गायचे. मग वाद्य. यातल्या बहुतेक मुलांच्या घरी पियानो होता, व्हायोलिनची शिकवणी होती, आणि आईबापांना वाटायचं की रविवारचे दोन तासही त्यातच घालावेत, कॉलेजच्या अर्जात तेच दिसतं. लिऊबाई म्हणायच्या, "पियानोवर बोट ठेवलं की सूर मिळतो. अरहूवर तो शोधावा लागतो, आणि शोधताना शेजारच्याचं ऐकावं लागतं. माझ्या मुलांना मला ऐकायला शिकवायचंय." मुलांनी कधी न पाहिलेल्या आजोळची गाणी त्या त्याच वाद्यांवर शिकवत होत्या. शाळेची कमिटी मात्र धुसफुसत होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी चिनी नववर्षाचा कार्यक्रम होता. तिथे हा वर्ग कसा वाजवतो ते बघून पुढच्या वर्षी तो ठेवायचा की त्या खोलीत पियानो आणायचा, हे ठरणार होतं.

आणि सगळा वर्ग शंगला लागलेला. शंग बिघडला तर पंचवीस वाद्यं कुणाच्या भरवशावर लावायची?

शंग बिघडलाच होता थोडा. डिसेंबरात सुट्ट्या लागताना लिऊबाईंनी तो निळ्या कापडात गुंडाळून खांबेट्यांकडे दिला. "तीन सूर खटकतात. मी तीन आठवडे बहिणीकडे कॅलिफोर्नियाला चालले आहे. तुम्ही बघा. नुसतं बघा. माझ्या वडिलांनी बनवलेला आहे." त्यांचे वडील शानतुंग प्रांतातल्या एका गावी शंग बनवायचे आणि लग्नामयताला वाजवायचे. ९८ साली ते गेले.

"बघतो ना," खांबेटे म्हणाले. वीणा किंवा शैलेंद्र तिथे असते तर त्यांनी वाद्य हिसकावून बाईंच्या हातात परत दिलं असतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर गुडघाभर बर्फ पडलेला असताना, खांबेट्यांनी किचनच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि एकेक नळी उपसली. ट्यूनर मशीन लावून प्रत्येक नळी फुंकून पाहिली. लिऊबाईंना तीन खटकत होत्या, मशीनला तेरा. केसभर, पण चुकलेल्या. एकच नळी अगदी काट्यावर होती. ती त्यांनी नियमाप्रमाणे बाजूला ठेवली. मग भिंग लावून बाकीच्या रीड पाहिल्या आणि त्यांना अगदी वाईट वाटलं. पितळेवर हिरवा थर चढलेला, आणि प्रत्येक रीडच्या टोकाशी कुंकवाएवढा काळपट लाल ठिपका, लाखेसारखा.

"किती कळकलंय बघ हे," ते उत्तराकाकूंना म्हणाले. "बिचाऱ्या बाईंना इथे कोण करून देणार? आणि हे डाग बघ, कुणीतरी काहीतरी चिकटवून ठेवलंय."

"त्यांनी बघायला सांगितलंय ना?" काकू कणीक मळत होत्या.

"अगं, बघतोच आहे. चिंच आहे का घरात?"

चिंच होती. ज्या घरात दिवाळीला समई आणि तांब्या चिंचेनं घासून लख्ख होतो त्या घरात वाढलेल्या माणसाला हिरवं पितळ बघवत नाही, त्याला तो तरी काय करणार. खांबेट्यांनी चिंच कोळली, दात घासायचा मऊ ब्रश घेतला आणि तेरा रीड एकेक करून घासल्या. लाल ठिपके चाकूच्या टोकानं अलगद उचकटले. इतकं नाजूक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत रीड सोन्यासारख्या चमकू लागल्या. चिंचेचं पाणी, हिरवा गाळ आणि तेरा ठिपके सिंकमध्ये गेले, आणि वरून नळ सोडला.

मग त्यांनी नळ्या पुन्हा बसवल्या आणि फुंकलं.

उत्तराकाकूंनी पोळी तव्यावर टाकता टाकता वळून पाहिलं. त्यांना सुरातलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तेराही सूर चढले होते. आणि सारखे चढले असते तर एक वेळ चाललं असतं. कुणी अर्ध्या सुरानं, कुणी पाऊण, कुणी त्याहून जास्त. तेरा माणसं एकदम वेगवेगळी नावं पुकारतायत असा तो आवाज होता.

सूर उतरवायचा तर रीड बुडाशी घासायची. खांबेट्यांनी कानस घेतली, पहिली नळी उपसली, कानस पितळेला टेकवली आणि थांबले. पेटीची रीड जाड असते. ही कागदासारखी होती. दोन हात मारले की तुटलीच. त्यांनी कानस खाली ठेवली, आणि त्या दिवसात शहाणपणाचं म्हणावं असं त्यांनी केलेलं हेच एक काम.

त्यांनी दूर बॉथेल गावी राहणाऱ्या मुलीला फोन लावला. ऋता इंटरनेटवरून काहीही शोधून काढायची. अर्ध्या तासानं तिचा फोन आला.

"बाबा, एक पेज मिळालंय. It says ते रेड डॉट्स म्हणजे wax आहे. मेण. तेच tuning असतं. मेण वाढवलं की note खाली येते, कमी केलं की वर जाते. आणि ते green जे आहे ना, तो मुद्दाम लावलेला दगडाचा लेप असतो. श्वासाच्या ओलीनं रीड खराब होऊ नये म्हणून. Why, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," खांबेटे म्हणाले आणि फोन ठेवला.

तेरा रीडवर तेरा ठिपके. तेराच्या तेरा डाग कुणी चुकून लावेल का, हा विचार इंजिनियरच्या डोक्यात यायला हवा होता. आणि खर्जाच्या रीडला टोकाशी वजन देतात हे तर त्यांना मिरजेपासून ठाऊक होतं. पण ते वजन धातूचं. मेणानं कोणी सूर लावत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एका बाईचा मेलेला बाप आपण चिंचेच्या पाण्यातून सिंकमध्ये वाहवून दिला, असं त्यांना वाटलं, आणि ते तसंच होतं. त्या माणसानं हातानं लावलेला सूर आता जगात कुठेही उरला नव्हता. बाईंचा वर्गही आता गेलाच. खांबेटे त्या दिवशी जेवले नाहीत. नोकरी गेली त्या दिवशी जेवले होते.

पुढचे सहा दिवस वाईट गेले. नवा शंग मागवावा असं त्यांच्या मनात आलं. पण तो बाईंच्या वडिलांचा कसा होणार? काहीच न सांगता परत द्यावा, हेही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला निघून गेले, जिथे त्या दिवशी बर्फ नव्हता.

लिऊबाई परत आल्या त्या शुक्रवारी संक्रांत होती. उत्तराकाकूंनी तिळाचे लाडू एका डब्यात भरले.

"मी येऊ बरोबर?"

"नको. मी केलंय, मीच जातो."

"मग हा डबा न्या. आणि गाडीत भाषण पाठ करू नका. केलं ते सांगा, माफी मागा, गप्प बसा. एवढंच."

लिऊबाईंचं घर नदीपलीकडे होतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा खांबेट्यांच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्यात निळं कापड. आत बसल्यावर त्यांनी आधी लाडू पुढे केला आणि आज हा देऊन गोड बोला म्हणायची आमच्यात पद्धत आहे, असं सांगितलं. लिऊबाईंनी लाडू खाल्ला, छान आहे म्हणाल्या. मग खांबेट्यांनी सगळं सांगितलं. चिंच, ब्रश, चाकू, सिंक. काही वगळलं नाही. "तुम्ही नुसतं बघा म्हणाला होता," शेवटी ते म्हणाले. "मला नुसतं बघता येत नाही. फार वाईट झालं माझ्या हातून. मला माफ करा."

लिऊबाईंनी कापड सोडलं. एक नळी उपसून खिडकीपाशी नेली. उजेडात चमकणाऱ्या त्या रीडकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. तोंडावरून काहीच कळेना. मग नळी टेबलावर ठेवून त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. खांबेटे कोट अंगात तसेच बसून राहिले. आत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवल्याचा आला. बाई रडायला आत गेल्या आहेत, आपण आता उठून जावं की थांबावं, हे त्यांना ठरवता येईना.

बाई आल्या त्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. झाकण घट्ट बसलं होतं; त्यांनी ते चमच्यानं उचकटलं. आत चिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळपट लाल मेणाचा गोळा होता, आणि हिरवा दगड, सुपारीहून थोडा मोठा.

"शंगचं मेण दर दोन-तीन वर्षांनी काढून नवं लावायचं असतं," त्या म्हणाल्या. "गावी दर हिवाळ्यात वडील ते करायचे. मी इकडे यायला निघाले तेव्हा त्यांनी हा डबा दिला. म्हणाले, तिकडे कोणी नसेल, तुलाच करावं लागेल. मला येतं ते. लहानपणापासून बघितलंय."

"मग?"

"नवं लावायचं तर आधी जुनं काढावं लागतं. ते त्यांच्या हातचं होतं. ते गेल्यावर दर हिवाळ्यात मी चाकू घेऊन बसले आणि उठले. सहा वर्षं. सूर उतरत गेले, मी मुलांना म्हणायचे, हे तीन वाजवू नका." त्यांनी चमकणारी नळी पुन्हा हातात घेतली. "मला जे होत नव्हतं ते तुम्ही करून टाकलंत. तुम्हाला माहीत असतं तर तुम्हीही केलं नसतं. बरं झालं, माहीत नव्हतं."

आणि त्या हसल्या. "पण चिंच, मिस्टर हेम? आमच्याकडे चिंचेची कँडी मिळते."

खांबेट्यांनी सहा दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. कोटाची बटणं सोडली. इतकं हलकं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मग त्यांनी एक लाडू उचलला आणि खाल्ला, आणि दुसराही.

"मेण लावायचं कशानं?" तोंडात लाडू असतानाच त्यांनी विचारलं.

"वडिलांकडे पितळी सळई होती, निखाऱ्यात तापवायचे. माझ्याकडे नाही. बारीक टोकाचं, गरम राहणारं काहीतरी हवं."

खांबेट्यांना बेसमेंटमधला खिळा आठवला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लिऊबाई डबा घेऊन खांबेट्यांकडे आल्या. टेबलावर तीच जुनी चादर होती आणि तिच्यावर लाकडी मुठीचं सोल्डरिंग आयर्न, तीन वर्षांनी पहिल्यांदा तापत असलेलं. हिरवा दगड पाण्यात उगाळून त्याचा लेप करायचा होता. लिऊबाई उगाळायला काहीतरी खडबडीत मागू लागल्या. उत्तराकाकूंनी ऐकलं, त्या देवघरातून सहाण घेऊन आल्या. "ह्याच्यावर बघू या," त्या म्हणाल्या, आणि दगड त्यांनीच हातात घेतला. पाणी थेंबाथेंबानं सोडत, चंदन उगाळतात तसा त्यांनी तो असा काही उगाळला की लिऊबाई बघतच राहिल्या. त्यांचा बाप गावी तांब्याच्या ताटलीत तेच करायचा, आणि त्याचाही हात असाच गोल फिरायचा.

नळ्या उपसताना शेवटची नळी लिऊबाईंच्या हातात आली आणि त्या थबकल्या. तिची रीड हिरवी होती. टोकाशी काळपट लाल ठिपका होता.

"ही का सोडली?"

"ती सुरात होती," खांबेटे म्हणाले. "सुरात असलेल्या रीडला मी हात लावत नाही."

एवढं साधं होतं ते. गेले सहा दिवस सिंकमध्ये गेलेल्या तेरा ठिपक्यांपायी त्यांचा जीव जात होता, आणि चौदावा निळ्या कापडात होता हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. लिऊबाईंनी ती नळी ओठांना लावून हलकेच फुंकली. चांगला, भरलेला, न डगमगणारा सूर. मग त्या नळी हातात धरून रडल्या. उत्तराकाकूंनी दगड खाली ठेवला आणि हिरव्या बोटांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. खांबेटे सोल्डरिंग आयर्नकडे टक लावून बसले, जणू ते उकळून सांडणार होतं.

"हा आपला सा," बाई शेवटी म्हणाल्या. सा हा शब्द त्या खांबेट्यांकडूनच शिकल्या होत्या.

त्या शनिवारी आणि पुढच्या दोन शनिवारी त्यांनी तेरा रीड त्या एकीला लावल्या. लिऊबाईंनी शिकवलं, खांबेटे शिकले. मेणाचा ठिपका मोहरीएवढा ठेवायचा, फुंकायचं, ऐकायचं, सुईच्या टोकानं थोडा काढायचा, पुन्हा ऐकायचं. पहिले पाच ठिपके खांबेट्यांनी वाटाण्याएवढे केले. सहावा जमला. ट्यूनर मशीन त्यांनी काढलंच नाही. लिऊबाईंनी काढू दिलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या जिमखान्यात कार्यक्रम झाला. लाल कागदांच्या माळा होत्या, खुर्च्या कमी पडल्या होत्या, कमिटीची मंडळी पुढच्या रांगेत हाताची घडी घालून होती. मुलं गोल बसली. लिऊबाईंनी शंग ओंजळीत धरला आणि एक सूर दिला, आणि पंचवीस मुलांनी मान खाली घालून आपापली वाद्यं त्याला लावली. पहिल्यांदा पाच-सहा जण चुकले. मग ऐकून, हळूहळू, एकेक जण त्या सुरावर येऊन बसला. आईबापांना तेवढं ऐकतानाच काहीतरी वाटलं असावं, कारण जिमखाना एकदम शांत झाला. गाणी त्यानंतर वाजली, लठ्ठ मुलानं थाळा भलत्याच ठिकाणी वाजवला, कुणाची अरहूची तार सुटली. वर्ग राहिला. कमिटीतल्या एका आजोबांनी उठून लिऊबाईंचे दोन्ही हात धरले आणि ते चिनीत काहीतरी बोलले. त्याचा अर्थ खांबेट्यांनी विचारला नाही. त्यांना हायसं वाटत होतं, तेवढं पुरे होतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात शंग किचनच्या टेबलावर येतो. सहाण देवघरातून निघते, आयर्न खिळ्यावरून. दोन-तीन वर्षांपूर्वी मराठी शाळेतल्या मुलांच्या हातातही खांबेट्यांनी पाटीऐवजी आधी झांजा दिल्या, आणि ती मुलं आता दर रविवारी भिंतीपलीकडच्या सुरात ठेका धरतात. ती "nothing much" म्हणायची बंद झाली, असं मात्र नाही.

२००८ च्या शरदात चिनी शाळेला कुणीतरी एक पियानो भेट दिला. एका नव्या मुलीचे वडील, व्यवस्थित माणूस, शंगशेजारी उभे राहून पियानोची एक पट्टी दाबून बघत होते. मेण जुनं झालं की सूर ढळतो. वडिलांचं मेण तसंच ठेवलेल्या चौदाव्या नळीचा सूर त्या चार वर्षांत केसभर उतरला होता, आणि बाकीचे तेरा दर वर्षी त्याच्याशी जुळवून घेत आले होते. "तुमचा शंग पियानोशी जुळत नाही," ते गृहस्थ नम्रपणे म्हणाले. "थोडा खाली आहे. कुणाला तरी दाखवायला हवा. हे काम करणारं कोणी आहे का इथे?"

लिऊबाईंनी खांबेट्यांकडे पाहिलं. खांबेट्यांनी पियानोजवळ जाऊन ती पट्टी एकदा दाबली, कान दिला, आणि मान हलवली.

"शंग ठीक आहे," ते म्हणाले. "पियानो लावून घ्या."